मॅन्युअलमध्ये न मावलेले

कोणत्याही यंत्राची किंवा सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका उघडा, तिच्यात निर्णय दिसतील. त्यांची कारणे दिसणार नाहीत. धोक्याची सूचना चौथ्या पायरीच्या वर छापलेली असते, पण ती मुळात खाली होती आणि कोणीतरी हट्टाने वर नेली, हे तिथे लिहिलेले नसते. एक तक्ता काढून टाकलेला असतो, एक आकृती वाढवलेली असते, ‘योग्य त्या दाबाने’ हे शब्द खोडून तिथे नेमका आकडा आलेला असतो. यातल्या प्रत्येक बदलामागे इंजिनिअरशी झालेली बाचाबाची असते, सपोर्टकडे आलेल्या तक्रारी असतात, कधी कोणा वापरणाऱ्याला अडखळताना प्रत्यक्ष पाहिलेले असते. रिलीज एकदा बाहेर पडले, की हे सगळे रिव्ह्यूच्या ई-मेलांत आणि एखाद्याच्या डोक्यात उरते. तो नोकरी बदलतो, त्याचे खाते बंद होते, आणि त्याच्या खुर्चीत आलेली व्यक्ती तीच बाचाबाची नव्याने सुरू करते. पहिले पाढे पंचावन्न. वकिलांकडे निकालपत्रे असतात, डॉक्टरांकडे केस रिपोर्ट असतात. तंत्रलेखनाच्या व्यवसायात ती जागा घेऊ शकेल अशी रोजच्या आवाक्यातली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे व्यवसायाच्या वार्तापत्रातला लेख. असा लेख लिहिणे हा सहसा हौसेचा, किंवा संस्थेवर उपकार करण्याचा मामला समजला जातो. माझ्या मते तो या कामाचाच उरलेला भाग आहे आणि तो केला नाही तर काम अर्धवट राहते. असा लेख कसा लिहावा याविषयी पुढच्या पानांत दिलेल्या मार्गदर्शनाला अर्थ यायचा असेल तर आधी हे म्हणणे पटायला हवे, म्हणून त्याची बाजू इथे सविस्तर मांडत आहे.

त्यासाठी प्रथम विमानांकडे जावे लागेल. लिहिलेला कागद आणि तो वाचणारा माणूस यांच्यातली फट एकाला दिसली, पण दुसऱ्याला कळवलीच गेली नाही, तर काय होते याची इतकी स्वच्छ नोंद दुसरीकडे क्वचित सापडते. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होते. हवा वाईट होती. नियंत्रकाने उतरणीसाठी परवानगी दिली. वैमानिकांच्या हातातल्या तक्त्याचे दोन भाग होते. वरच्या, नकाशासारख्या भागात राउंड हिल नावाच्या बिंदूपर्यंत किमान उंची ३,४०० फूट असल्याचे लिहिले होते. खालच्या भागात, बाजूने पाहिल्यावर दिसेल तशी उतरणीची आकृती होती. तिच्यात राउंड हिलच्या आधीच्या टप्प्याची किमान उंची नव्हती, डोळ्यांत भरत होता तो १,८०० फुटांचा आकडा. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणातून कळते की कॅप्टनने ३,४०० चा आकडा वाचला होता, मोठ्याने उच्चारलाही होता. पण परवानगी मिळाली आहे त्याअर्थी १,८०० फुटांवर यायला हरकत नसावी, असा निष्कर्ष त्या चर्चेतून निघाला. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व ९२ जण मरण पावले. परवानगीचा अर्थ नियंत्रकांच्या लेखी एक होता आणि वैमानिकांच्या लेखी दुसरा. कागदाच्या वरच्या अर्ध्याने एक सांगितले, खालच्या अर्ध्याने मौन पाळले. मॅन्युअल लिहिणाऱ्या कोणालाही हा दोष ओळखीचा वाटेल. एकच माहिती दोन ठिकाणी द्यायची आणि त्यातल्या एका ठिकाणी ती अपुरी ठेवायची, हे आपल्याकडे रोज घडते. सुदैवाने त्याचे परिणाम सहसा एखाद्या वैतागलेल्या फोनवर निभावतात.

यापेक्षा अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. या अपघाताच्या सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच उतरणीवर, तसाच अर्थ लावून, त्याच डोंगराला थोडक्यात चुकवून गेले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवले. कंपनीने आपल्या इतर वैमानिकांना सावध केले. म्हणजे ज्याने जे करायला हवे ते त्याने केले होते. फक्त ही माहिती त्या कंपनीच्या कुंपणाबाहेर नेण्याची रीतच नव्हती. पुढे १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली विमानसुरक्षेच्या गोपनीय नोंदी स्वीकारणारी व्यवस्था उभी राहिली आणि १९७९ पासून तिचे ‘कॉलबॅक’ नावाचे छोटेखानी मासिक वार्तापत्र निघू लागले. वैमानिक, नियंत्रक, देखभाल करणारे तंत्रज्ञ जे प्रसंग कळवतात, त्यांतले निवडक तिथे नावगाव काढून, त्यांच्याच शब्दांत छापले जातात. मला काय वाटले, तसे का वाटले, प्रत्यक्षात काय होते, इतकाच त्यांचा ऐवज. बहुतेक प्रसंगांत अपघात झालेला नसतो. वाचणाऱ्याचा फायदा नेमका तिथेच आहे: चूक कशी घडते हे त्याला कोणाचाही जीव न जाता कळते.

यावर तंत्रलेखक म्हणतील, आमच्या कागदांवर कोणाचा जीव अवलंबून नसतो. बहुतेकांच्या बाबतीत हे खरे आहे, सगळ्यांच्या बाबतीत नाही. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त किरणे दिली. टेक्सासमधल्या टायलर इथल्या रुग्णालयात १९८६ मध्ये जे दोन प्रसंग झाले, त्यांत चालकाच्या पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ एवढी अक्षरे उमटली. या आकड्याचा अर्थ चालकाच्या पुस्तिकेत नव्हता. यंत्र अशा सूचना वरचेवर देई आणि एक कळ दाबली की पुढे चालू होई. पहिल्या वेळी तसेच केले गेले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि यंत्राच्या रचनेत होता, पुस्तिकेच्या माथी सगळे मारण्यात अर्थ नाही. पण सूचना समजली असती तर कळ दाबणारा हात थांबण्याची शक्यता होती. इथेही तीच कुंपणे होती. टायलरच्या पहिल्या अपघातानंतर रुग्णालयाने उत्पादकाकडे चौकशी केली, तेव्हा असा प्रकार दुसरीकडे झाल्याचे माहीत नाही, असे उत्तर मिळाले. त्याआधी निदान एका रुग्णालयाकडून तशी तक्रार गेलेली होती. हे सारे आज जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते, याचे कारण नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये आयईईईच्या ‘कॉम्प्युटर’ या नियतकालिकात त्याचा साद्यंत लेख लिहिला. चौकशीची कागदपत्रे त्याआधीही होती. ती व्यवसायाच्या कामाची झाली ती या लेखामुळे.

कुंपणे मात्र काही उगाच नसतात, ती स्पर्धेमुळे असतात, आणि आपले कष्टाचे ज्ञान स्पर्धकाला फुकट का द्यायचे हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या खाणींत दोनशे वर्षांपूर्वी मिळालेले आहे. तिथल्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींतले पाणी वाफेच्या इंजिनांनी उपसावे लागे आणि कोळसा बाहेरून आणावा लागे, म्हणून इंजिन किती कोळसा खाते यावर खाणीचे नफानुकसान ठरे. जेम्स वॉटचे पेटंट १८०० मध्ये संपले, तरी पुढची दहा वर्षे इंजिनांत फारशी सुधारणा झाली नाही. १८११ मध्ये जोएल लीन नावाच्या खाण-व्यवस्थापकाने एक मासिक पत्रक सुरू केले. वेगवेगळ्या खाणींतल्या इंजिनांनी ठराविक मापाच्या कोळशात किती पाणी किती उंच उचलले, याचे आकडे इंजिनाच्या आणि ते सांभाळणाऱ्या इंजिनिअरच्या नावासह त्यात छापले जात. कोणत्या बदलाने आकडा सुधारला तेही लिहिले जाई. पुढच्या तीसेक वर्षांत इंजिनांची सरासरी कार्यक्षमता तिपटीच्या आसपास गेली. आकडे फुगवल्याचे आरोप झाले, वादही झाले. पण वाद घालायलासुद्धा आकडे समोर लागतात. आपले इंजिन उघड केल्याने कोणत्या खाणीचे दिवाळे निघाल्याचे दिसत नाही, कारण तांब्याचा भाव शेजारच्या खाणीच्या पंपावर ठरत नव्हता. उलट, ज्या इंजिनिअरचे आकडे चांगले त्याला दुसऱ्या खाणींतून बोलावणी येत. लीन कुटुंबाने सुरू केलेली ही परंपरा १९०४ पर्यंत चालली. तंत्रलेखकाची परिस्थिती यापेक्षा वेगळी नाही. एखादी कंपनी बाजारात जिंकते किंवा हरते ती मालाच्या जोरावर. स्पर्धकाच्या पुस्तिकेतली धोक्याची सूचना नीट जागी छापली गेली, म्हणून तिचा ग्राहक तुटत नाही.

हे झाले बाहेरचे पुरावे. आपल्या व्यवसायाच्या आतला पुरावा जरा नाजूक आहे, कारण त्यात आपणच वाईट वाचक ठरतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या माणसांचे निरीक्षण केले. समोर जाडजूड, शिस्तशीर, पायरीपायरीने लिहिलेली पुस्तिका असूनही माणसे ती क्रमाने वाचत नव्हती. ती पाने उलटत, मधूनच काहीतरी करून पाहत, चुकत, आणि चुकीतून परतण्याची वाट पुस्तिकेत नसल्यामुळे अडकत. त्यातून ‘मिनिमल मॅन्युअल’ची कल्पना निघाली आणि १९९० मध्ये कॅरल यांचे ‘द नुर्नबर्ग फनेल’ हे पुस्तक आले. व्यवसायात ती कल्पना पसरली ती मात्र ‘पुस्तिका बारीक करा’ या रूपात. मॅनेजरांना ते आवडले यात नवल नाही. कागद वाचतो, अनुवादाचा खर्च वाचतो. कॅरल यांचे म्हणणे वेगळे होते: माणसाला लगेच खऱ्या कामाला हात घालू द्या, त्याची चूक होणार हे धरून चाला आणि ती ओळखून सुधारण्याची सोय पुस्तिकेत करा. पुस्तिका लहान होणे हा त्याचा परिणाम, हेतू नव्हे. हा गैरसमज दूर करण्याचे काम प्रयोगशाळेत झाले नाही. हान्स व्हान डर माय आणि कॅरल यांनी तत्त्वे आणि ती वापरण्याचे आडाखे १९९५ मध्ये ‘टेक्निकल कम्युनिकेशन’ या व्यावसायिक त्रैमासिकात मांडले, आणि १९९८ मध्ये या विषयावर जो लेखसंग्रह निघाला त्यात संशोधकांबरोबर प्रत्यक्ष काम करणारेही लिहिते झाले. तरीही माझी एक तक्रार उरतेच. ही पद्धत जिथे चालत नाही, म्हणजे उदाहरणार्थ वैद्यकीय उपकरणांच्या पुस्तिकेत, जिथे नियमांमुळे अनेक सूचना गाळताच येत नाहीत, तिथे काय करावे, यावर कामातून आलेले लेखन फार थोडे आहे. त्याची उत्तरे अनेक कार्यालयांनी शोधलेली आहेत, कारण त्यांना पुस्तिका काढाव्या लागल्याच आहेत. ती उत्तरे छापली मात्र गेलेली नाहीत.

मग असा लेख दिसतो कसा, हे जवळून पाहू. समजा, पाणी शुद्ध करणाऱ्या एका औद्योगिक यंत्राच्या पुस्तिकेत एरर कोडचा तक्ता आहे, ई-०१ पासून ई-६४ पर्यंत, आकड्यांच्या क्रमाने. या विषयावर पहिल्यांदा सुचणारा लेख ‘तांत्रिक दस्तऐवजांमध्ये एरर कोडचे महत्त्व’ असा असतो. त्याची सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी होते आणि शेवटी वाचकाचा विचार करा असा उपदेश येतो. तो कोणीही लिहू शकतो, म्हणून तो कोणी लिहिण्याची गरज नाही. दुसरा लेख असा सुरू होतो: आमच्या पुस्तिकेत ६४ कोड होते आणि सपोर्टला येणाऱ्या बहुतेक फोनांत कोडचा उल्लेखच नसे, ऑपरेटर सांगे, ‘पंप बंद पडलाय आणि लाल दिवा लुकलुकतोय’. इथून लेख आपोआप पुढे जातो. लेखिकेपुढे तीन वाटा होत्या: तक्ता आहे तसा ठेवणे, तो दिसणाऱ्या लक्षणांप्रमाणे लावणे, किंवा लक्षणे आधी देऊन आकड्यांची सूची मागे जोडणे. इंजिनिअरांचा पहिल्या वाटेचा आग्रह होता, कारण कोडचा क्रम त्यांच्या प्रोग्रॅममधून थेट येत होता. तिने तिसरी वाट निवडली. काही कोडांबद्दलचे फोन कमी झाले, काहींचे झाले नाहीत, कारण तिथे लक्षण एकच आणि कारणे चार होती. शिवाय एक नवीच मेख निघाली: प्रत्येक रिलीजला माहिती आता दोन जागी बदलावी लागे, आणि एकदा ती एकाच जागी बदलली गेली. हा शेवटचा भाग लेखात ठेवायचा की नाही, यावर त्या लेखाची किंमत ठरते. तो गाळला तर उरते ती यशाची जाहिरात. ठेवला तर वाचणाऱ्याला कळते की ही वाट धरायची तर दोन्ही तक्ते एकाच मजकुरातून तयार होतील अशी सोय आधी करावी लागेल. डलेसच्या तक्त्याचेही दुखणे नेमके हेच होते.

वार्तापत्रांत जे छापून येते त्यातले बरेच असे नसते, हे कबूल करायला हवे. परिषदांचे वृत्तांत येतात, त्यांत सत्रे ‘उद्बोधक’ असतात आणि जेवण ‘रुचकर’. नव्या टूलची ओळख येते, ती टूल विकणाऱ्यानेच लिहिलेली असते. व्याकरणाचे सदर असते, स्वल्पविरामाविषयी. संपादकांना पाने भरायची असतात आणि दाराशी जे येते त्यातूनच ती भरावी लागतात, तेव्हा दोष त्यांच्यापेक्षा न लिहिणाऱ्यांचा अधिक आहे.

न लिहिण्याची जी कारणे दिली जातात त्यांत सर्वांत वजनदार कारण गोपनीयतेचे. नोकरीत शिरतानाच करारावर सही केलेली असते आणि तो करार मोडण्याचा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. पण करार कशाचे रक्षण करतो हे नीट पाहावे. वस्तूचे नाव, अजून बाजारात न आलेली वैशिष्ट्ये, ग्राहक, पडद्याची चित्रे, तारखा, आतल्या तक्रारींचे आकडे, हे सगळे झाकायचे. वाचणारा कोणत्या प्रकारचा होता, त्याची अडचण काय होती, वाटा कोणत्या होत्या, कोणती घेतली आणि का, हे त्या यादीत सहसा बसत नाही. ‘कॉलबॅक’ची इतक्या वर्षांची रीत हीच आहे आणि तिथे तर माणसे आपल्या हातून झालेल्या नियमभंगाविषयी लिहितात. मसुदा वरिष्ठांना दाखवून लेखी संमती घ्यावी. ती मागण्यात कमीपणा नाही, आणि न विचारताच नकार गृहीत धरण्याची आपली सवयही काही चांगली नाही. काही लेख मात्र नावे पुसल्यावर इतके पोकळ होतात की त्यांत सांगण्यासारखे उरत नाही. ते सोडून द्यावेत. गूढ भाषेत अर्धे झाकून अर्धे दाखवणारा लेख ना कंपनीच्या कामाचा, ना वाचणाऱ्याच्या.

दुसरे कारण जास्त प्रामाणिक आहे: माझ्याकडे नवीन काय आहे? संशोधनाच्या नियतकालिकात हा प्रश्न योग्य आहे, इथे तो चुकीच्या दारी आला आहे. लीनच्या पत्रकात दर महिन्याला नवा शोध नसे. त्याच इंजिनांचे आकडे पुन्हा येत, आणि पुन्हा येत म्हणूनच तुलना करता येई. एका माणसाने एरर कोडचा तक्ता बदलला तर तो किस्सा असतो. पाच कार्यालयांतल्या पाच जणांनी तो बदलून काय झाले ते लिहिले, की व्यवसायाला एक नियम सापडू लागतो. वेळ नसण्याचे कारण मी इथे फार चघळत नाही, कारण ते खरे असते. त्यावर एवढेच म्हणता येईल की निर्णय घेतला त्याच आठवड्यात चार ओळी टिपून ठेवल्या तर लेखाचा निम्मा भाग झालेला असतो. पैसे मिळत नाहीत हेही खरे आहे, आणि ज्या संस्थांना परवडते त्यांनी ते द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कोणी विचारील, हेच सारे सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये का लिहू नये? तिथे लोक लिहितातच, वाचकही अधिक मिळतात. फरक संपादकाचा आहे. ‘फोन कमी झाले’ असे वाक्य पोस्टमध्ये टाळ्या घेऊन जाते. संपादक विचारतो: किती काळात, कशावरून, आणि त्याच सुमारास दुसरे काही बदलले होते का? हे प्रश्न लेखकाला त्रासदायक वाटतात, पण त्यांची उत्तरे शोधताना बहुतेक वेळा लेखकालाच आपल्या निर्णयाचे कारण पहिल्यांदा नीट दिसते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये कापणाऱ्या माणसांना स्वतःचे वाक्य कापलेले मात्र अजिबात खपत नाही; आमच्या व्यवसायाचा हा स्वभावदोष वार्तापत्राच्या संपादकांना सर्वांत चांगला ठाऊक आहे.

सगळ्यांत नवा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. यंत्र काही सेकंदांत पुस्तिकेचा मसुदा काढून देते, मग लेख लिहून शहाणपण कोणासाठी साठवायचे? मला हा युक्तिवाद उलट्या दिशेने जाणारा वाटतो. यंत्राने शिकण्यासाठी जे वाचले ते मुख्यतः प्रसिद्ध झालेले होते, पुस्तिकांपुरते बोलायचे तर तयार पुस्तिका. त्यांत निर्णय आहेत, कारणे नाहीत. म्हणून ते धोक्याची सूचना नमुनेदार जागी ठेवते, पण अमुक उपकरणावर, अमुक वापरणाऱ्यासाठी ती तिथे का नको हे त्याला कळायला आधार नसतो. मसुदा फुकट मिळू लागला, की लेखकाच्या पगाराचे समर्थन त्याच्या निवडीवर येऊन ठेपते: काय गाळले, काय हलवले, इंजिनिअरच्या म्हणण्यावर कुठे विश्वास ठेवला नाही. ही निवड मॅनेजरला पटवून द्यायची तर ती शब्दांत मांडण्याचा सराव लागतो. असा सराव नोकऱ्या वाचवील असा माझा दावा नाही. पण जो व्यवसाय आपण काय करतो हे सांगू शकत नाही, तो स्वतःचा बचावही करू शकत नाही.

हे सांगण्याची जागा कायम राहील असेही समजू नये. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही या क्षेत्रातली एक मोठी संस्था होती. तिची मुळे १९५३ पर्यंत जातात, आजचे नाव तिला १९७१ मध्ये मिळाले, एके काळी तिचे सभासद वीस हजारांहून अधिक होते. ‘इंटरकॉम’ हे नियतकालिक आणि वर उल्लेखलेले ‘टेक्निकल कम्युनिकेशन’ तिचीच होती. भारतातल्या शाखेचे ‘इंडस’ हे वार्तापत्र तिच्याच छायेत वाढले. जानेवारी २०२५ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर करून काम थांबवले. याचा अर्थ वार्तापत्रांचे दिवस संपले असा काढला जातो. मी तो असा काढतो की एकाच मोठ्या संस्थेच्या कपाटात सगळे ठेवून निर्धास्त राहणे चुकीचे होते. ब्रिटनमध्ये ‘कम्युनिकेटर’ निघते, जर्मनीत टेकॉम या संस्थेची प्रकाशने आहेत. आपल्याकडे छोट्या गटांची छोटी वार्तापत्रे हवीत, आणि लेखाची एक प्रत लेखकाने स्वतःपाशी ठेवायला हवी.

ही पुस्तिका मराठीत का, याचाही खुलासा करायला हवा. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत बसून मराठी माणसे वर्षानुवर्षे अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या वाचकांसाठी इंग्रजी पुस्तिका लिहीत आहेत. त्यांची व्यावसायिक चर्चा इंग्रजीतच होते आणि होत राहील. पण चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्राच्या बाजूला जो लॅमिनेट केलेला मराठी कागद लटकतो, तोही तंत्रलेखनच आहे. तो बहुधा सुपरवायझरने लिहिलेला असतो, आणि तो कसा लिहावा याविषयी मराठीत चर्चा जवळपास नाही. परंपरा नव्हती असे नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते कारखान्याचे वार्तापत्र म्हणूनच. शं. वा. किर्लोस्करांच्या हाती त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, मराठी साहित्याला आणि समाजसुधारणेला त्याने भरभरून दिले, आणि कारखान्याची खबर मागे पडली. साहित्याचा जो लाभ झाला त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. रिकामी झालेली जागा मात्र अजून रिकामी आहे.

पुढच्या प्रकरणांत विषय निवडण्यापासून संपादकाला पत्र लिहिण्यापर्यंतचे व्यवहार सांगितले आहेत. ते कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. वाचकांना एकच विनंती. गेल्या रिलीजमध्ये ज्या एका बदलासाठी तुम्हाला रिव्ह्यूत भांडावे लागले तो आठवा. अडचण काय होती, वाटा कोणत्या होत्या, कोणती घेतली, काय चालले आणि काय चालले नाही, हे आठशे शब्दांत लिहा, नावे पुसा, वरिष्ठांची संमती घ्या आणि पुढच्या अंकाच्या मुदतीआधी संपादकांकडे पाठवा. जे चालले नाही ते गाळू नका.